भाच्याला बॅकला खेळायचंय

आज दुपारी ताईचा फोन आला. मला वाटलं फराळाचं काहीतरी असणार, चकलीची भाजणी दळून आणायची असेल. तर म्हणाली, "तुझ्या भाच्यानं सरांना जाऊन सांगितलंय, मला पुढं नाही खेळायचं, बॅकला घ्या. काय झालंय रे त्याला? मडगावला काय दाखवून आणलंस?"

मी म्हटलं, "काही नाही गं. हरलो, एवढंच."

फोन ठेवला आणि तासभर दुकानात नुसता बसून राहिलो. एका गिऱ्हाइकाला अर्ध्या इंचाच्या जागी पाऊण इंचाचा कॉक दिला, तो शिव्या घालत परत आला. तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते लिहितोय. लांबेल. ज्यांना फुटबॉलचं काही नाही त्यांनी खुशाल पुढं सरकावं, आकाशकंदिलाचे फोटो बघावेत.

परवा मंगळवारी, १४ ऑक्टोबर २०२५ ला, आम्ही कोल्हापुरातनं गाडी काढून मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला गेलो होतो. भारत विरुद्ध सिंगापूर, आशियाई चषकाच्या पात्रता फेरीचा सामना. भाच्याचा सहामाहीचा शेवटचा पेपर सोमवारी झाला होता, म्हणून त्यालाही घेतलं. गडहिंग्लजला दोन दोस्त चढले, आंबोली उतरलो, बांद्याला चहा मारला, वाटेत कुणीही हरायची भाषा केली नाही. आणि सुरुवात तरी काय झाली! १४ व्या मिनिटाला आपल्या छांगटेनं बॉक्सच्या बाहेरनं असा हाणला की मी शेजारच्या अनोळखी गोंयकाराच्या गळ्यातच पडलो. तो कोकणीत काय म्हणाला ते कळलं नाही, पण त्यानंही मला सोडलं नाही.

मग हाफटाइमच्या तोंडावर, ४४ व्या मिनिटाला, त्यांच्या सोंग उई-यंगनं बरोबरी केली. ५८ व्या मिनिटाला परत त्यानंच मारला. २-१. संपला विषय. २०२७ चा आशियाई चषक सौदीत आहे. आता आपली माणसं सौदीला जाणार ती नोकरीलाच.

कालपासून जो तो तज्ज्ञ झालाय. आमच्या ग्रुपवर तर बचावाचं पोस्टमॉर्टेम सुरू आहे. झिंगन असता तर, हा असता तर, तो मागं आला असता तर. अरे बाबांनो, बचावाचं काय घेऊन बसलाय? पात्रता फेरीच्या चार सामन्यांत चार गोल खाल्ले आपण. चार. यात लाज जाण्यासारखं काही नाही. मारले किती ते बघा की! शिलाँगला बांगलादेशविरुद्ध शून्य. हाँगकाँगला जाऊन शून्य, आणि वर शेवटच्या क्षणी पेनल्टी खाऊन हार. सिंगापूरला एक, तोही नव्वदाव्या मिनिटाला त्यांच्याच बचावपटूनं घोळ घातला म्हणून. रहीम अलीनं तो साधला, त्याचं कौतुक आहेच. पण समोरच्यानं ताट वाढल्याशिवाय आपण जेवणारच नाही का? आणि परवाचा हा एक. चार सामने, दोन गोल, दोन गुण. गेल्या वर्षी जानेवारीत कतारला आशियाई चषकात तीन सामने खेळलो, तेव्हा तर एकही गोल नव्हता. म्हणजे हे दुखणं परवाचं नाही, जुनं आहे. परवा फक्त मी ते पैसे मोजून, सहा तास गाडी चालवून, जवळनं बघितलं.

५८ व्या मिनिटानंतर अर्धा तास आणि वर इंज्युरी टाइम होता. त्या वेळात काय झालं सांगू? बॉल उजवीकडं गेला. मग डावीकडं. मग मागं. मग परत उजवीकडं. बॉक्सच्या तोंडाशी आलं की आपली पोरं पाहुण्याच्या घरी गेल्यासारखी वागतात. आधी तू घे. नको नको, तूच घे. पंगतीत जिलबीचं ताट फिरावं तसा बॉल फिरतोय आणि घेणारा कोणी नाही. क्रॉस येतायत, पण ज्या जागी येतायत तिथं माणूस नाही. आणि मग एकदा, एकदाच, बॉक्समध्ये आपल्या एका फॉरवर्डच्या पायात बॉल आला, समोर अर्धा गोल दिसतोय, मारायचं सोडून यानं मागं दिला.

मी उभा राहिलो आणि जे ओरडलो ते इथं लिहीत नाही. ताई वाचते.

मला तो पास ओळखीचा वाटला, म्हणून जास्त लागला. १९९९ च्या मोसमात तसाच एक पास मी आमच्या शाहू स्टेडियमवर दिला होता. सेमीफायनल होती. कुठल्या तालमीकडनं (आमच्याकडं पेठांच्या तालमींचेच फुटबॉल संघ असतात) ते सांगत नाही, पेठेतल्यांना माहीत आहे आणि इतरांनी विचारू नये. शून्य-शून्य, शेवटची दहा मिनिटं. आमच्या लेफ्ट आउटनं दोघांच्या मधनं बॉल काढून दिला, मी ऑफसाइड नाही, समोर गोलकीपर एकटा, तोही पुढं येऊन पायात गोंधळलेला. बॉल अर्ध्या टप्प्यावर उसळत माझ्या उजव्या पायावर येतोय. याच्यापेक्षा सोपा बॉल आयुष्यात आला नाही. लग्नाचा होकारसुद्धा एवढा सोपा नव्हता. आणि मी काय केलं? डावीकडं सरकवला. तिथं आमचं कोणी नव्हतंच. त्यांच्या बॅकनं आरामात बाहेर काढला. टायब्रेकरवर हरलो. दुसऱ्या दिवशी पेपरात एक ओळ होती, 'सोपी संधी दवडली'. नाव छापलं नव्हतं. तेवढे उपकार.

पंचवीस-सव्वीस वर्षं झाली. अजूनही रंकाळ्यावर कोणीतरी भेटतो आणि म्हणतो, "काय, पास देणार का?"

असो. तर सिंगापूर. कोल्हापूर आणि सांगली हे दोन जिल्हे मिळून जेवढी माणसं होतील साधारण तेवढा तो देश. सामन्याआधी क्रमवारीत आपल्या खाली. आता लगेच कोणीतरी लिहील की तो सोंग मूळचा कोरियाचा, त्यांनी २०२१ ला नागरिकत्व देऊन घेतलाय, आपल्याकडं दुहेरी नागरिकत्वाला कायदा आडवा येतो. बरं, मान्य. पण मग १४० कोटींत आपल्याला बॉक्समध्ये उभा राहून बॉल आत ढकलणारा एक माणूस कोरियातनं आणायला लागावा? एक?

आपला एक कोण, ते सगळ्यांना माहीत आहे. सुनील छेत्री. गेल्या वर्षी जूनमध्ये कोलकात्याला कुवेतविरुद्ध शेवटचा सामना खेळून, डोळे पुसत गेला तो माणूस. यंदा मार्चमध्ये परत बोलावला, कारण त्याच्यानंतर कोण हे कुणालाच ठरवता आलं नाही. आला आणि मालदीवविरुद्ध लगेच गोल केला, भारतासाठीचा ९५ वा. आत्ताच्या संघात दुसऱ्या कुणाच्या नावावर पंधरासुद्धा नाहीत. गेल्या, २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, आपली क्लबांची स्पर्धा) भारतीयांत सर्वांत जास्त गोल कुणाचे? त्याचेच, १४. चाळिशीत! चाळिशीत मला दुकानाचं शटर उचलताना चमक भरते. आणि सगळ्यांत मिळून पहिला कोण, तर मोरोक्कोचा अजराई, २३.

इथंच आहे सगळं. लीग २०१४ ला सुरू झाली तेव्हा मैदानात सहा परदेशी चालायचे, मग पाच झाले, २०२१ पासून चार. कमी केले म्हणून पाठ थोपटून घेतली सगळ्यांनी. पण ते चार उभे कुठं असतात बघा ना. एखादा मागं, एखादा मध्यात, आणि नऊ नंबर, म्हणजे गोल मारणारा सेंटर फॉरवर्ड? तो बहुतेक क्लबांत बाहेरचाच. मालकाचं मी समजू शकतो. त्यानं पैसे ओतलेत, त्याला शनिवारी गोल पाहिजे. आपल्या पोराला नऊ नंबरला ठेवायचं तर तो आधी दहा घालवणार, मग एक मारणार. ते दहा कुणाच्या पदरात घालायचे? मग आपला पोरगा विंगवर. ते तरी बरं म्हणायचं. नाहीतर बेंचवर, पाणी द्यायला. आणि मग वर्षातनं चार-सहा सामन्यांसाठी निळा शर्ट घालून त्यालाच म्हणायचं, आता मार. वर्षभर ज्याला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही त्याला एकदम पन्नास माणसांचा रस्सा करायला सांगायचा, आणि तिखट जास्त झालं की ताट आपटायचं.

भारताचा कोच खालिद जमील, त्याला शिव्या घालणाऱ्यांनी तर जरा तोंड आवरा. मुंबईत खेळलेला, मुंबईत कोचिंग शिकलेला आपला माणूस आहे म्हणून म्हणत नाही (थोडं म्हणतोयच). ऑगस्टमध्ये सूत्रं दिली, सप्टेंबरमध्ये मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा आला. तेव्हा तुम्हीच स्टेटसला झेंडे लावले होते. २०२५-२६ ची लीग तर जुलैपासून टांगणीला होती, पोरांना धड सामने नव्हते. दुसरा कोण काय करणार होता? हो, परवा बदल उशिरा केले असं मलाही वाटलं. तेवढं देतो तुम्हाला.

पण आयएसएलवालेच वाईट आणि आपण धुतल्या तांदळाचे, असंही नाही. आपल्या कोल्हापुरात काय चाललंय? पेठापेठांत ईर्ष्या आहे, स्टेडियम भरतं, हलगी-घुमकं वाजतं, सगळं नादखुळा. पण पुढच्या फळीत कोण खेळतोय? आपण बाहेरचा फॉरवर्ड आणतो. कुणी गोव्यातनं, कुणी बंगालातनं, कुणी थेट आफ्रिकेतनं. मी कुठल्या तालमीचं नाव घेत नाही, घ्यायचं तर सगळ्यांचं घ्यायला लागेल आणि मग मला गल्लीतनं बाहेर पडता येणार नाही. त्या पोरांबद्दल माझी तक्रार नाही, जीव तोडून खेळतात, काही तर आपल्यापेक्षा चांगलं कोल्हापुरी बोलतात. पण पेठेतला सोळा वर्षांचा पोरगा ते बघून काय शिकतो? की गोल करणं हे आपलं काम नाही, बॉल तिथवर नेऊन द्यायचं आपलं काम. आपल्याकडंही पोरं होतीच की! आपला अनिकेत जाधव २०१७ ला दिल्लीत १७ वर्षांखालच्या विश्वचषकात पुढच्या फळीत उतरला तेव्हा आख्खं गाव टीव्हीसमोर होतं. त्याच्या मागोमाग रांग लागायला हवी होती. कुठाय रांग?

आणि गोंयकारांना तर मी काय सांगू. ज्या गोव्यात परवा बसलो होतो तिथल्या आसगावचा नेव्हिल डिसूझा, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरात तीन गोल मारून आला. ४-२ जिंकलो. त्या स्पर्धेत सर्वांत जास्त गोल करणाऱ्यांत त्याचं नाव आहे. मुंबईच्या मैदानांवर खेळून तयार झालेला माणूस. हे मी परतीच्या वाटेवर गाडीत भाच्याला सांगितलं. त्यानं नुसतं हं केलं. मला वाटलं झोप आली असेल.

झोप आली नव्हती. तेच सांगायचंय.

१९९९ च्या त्या पासाचं मी अर्धंच सांगितलं. अर्धं कधीच कुणाला सांगत नाही. त्या सामन्यात हाफटाइमच्या आधी मला आणखी एक बॉल मिळाला होता. अवघड होता, पंचवीस यार्डांवरनं, पाठीवर बॅक. मी वळून मारला आणि तो बारच्या वरनं स्टँडमध्ये गेला. वाईट नव्हता मारला. पण स्टँडमधनं आवाज आला, "काढा रं त्या बेण्याला भाईर! कुणी घातलाय ह्याला?" सगळे हसले. स्टेडियमवर असलं रोजचंच, कोण मनावर घेतंय. पण तो आवाज माझ्या चुलत्याचा होता. आमच्याच घरातला, ज्यानं मला पहिले बूट घेऊन दिले त्याचा. तो प्रेमानंच आला होता, पेढेसुद्धा आणले होते म्हणे जिंकल्यावर वाटायला. पण त्या आवाजानंतर मला गोल दिसायचा बंद झाला. पुढं सोपा बॉल आला तेव्हा माझ्या डोक्यात गोलकीपर नव्हता, जाळी नव्हती. एवढंच होतं की हा वरनं गेला तर? त्यापेक्षा दिलेला बरा. दिलेल्या बॉलला कोणी शिव्या देत नाही.

सामना झाल्यावर आमच्या अण्णांनी (तालमीचे, आता नाहीत) विचारलं, "का दिलास रं? एकटा हुता नव्हं त्यो?"

"भ्या वाटलं."

"गोलकीपरचं?"

मी काही बोललो नाही. अण्णा स्टँडकडं बघत बसले. मग म्हणाले, "चल, चा पिऊ." बास. पुढच्या मोसमात मी मधल्या फळीत गेलो, मीच मागून घेतलं. त्याच्या पुढच्या मोसमात दुकानात.

तर फातोर्ड्याला ५८ व्या मिनिटानंतर मी उभा राहून जे ओरडलो, ते ओरडताना माझ्या शेजारी तेरा वर्षांचा एक पोरगा बसला होता. डाव्या पायाचा, शाळेचा सेंटर फॉरवर्ड. पाठीवर नऊ नंबर असलेला निळा शर्ट, जो मीच घेऊन दिला. आणि मी एकदा नाही ओरडलो. चार-पाच वेळा ओरडलो. त्या खेळाडूच्या आईवर गेलो. आजूबाजूचे हसले, मग मला अजून चेव आला. भाचा हसला नाही. तो मैदानाकडं न बघता माझ्याकडं बघत होता, हे मला आत्ता आठवतंय. तेव्हा मी पुढची शिवी जुळवण्यात गुंतलो होतो.

परतताना आंबोलीत एवढं धुकं की वायपर चालू ठेवून पहिल्या गिअरमध्ये चाललो होतो. मागची सगळी झोपलेली. तो माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर. म्हणाला, "मामा, त्यानं मारला असता आणि बाहेर गेला असता, तर?"

मी म्हटलं, "मारायचा तरी की!"

"मग शिव्या दिल्या नसत्यास?"

मी काचेवरचं धुकं पुसत बसलो.

दिल्या असत्या. कुणाला फसवायचंय? मारून घालवला असता तर जास्त दिल्या असत्या. पास दिला म्हणून निदान त्याच्या पासाला दिल्या. मी, जो स्वतः त्याच आवाजानं मधल्या फळीत गेलो आणि मग दुकानात गेलो, तो तोच आवाज घेऊन सहा तास गाडी चालवत मडगावला गेलो. आणि घरी येऊन वर तोंड करून ग्रुपवर लिहितोय, 'आपल्याला स्ट्रायकर का मिळत नाही'.

आता म्हणाल, एका माणसाच्या शिव्यांनी देशाची पुढची फळी बसत नाही. कळतंय मला. सुविधा, मैदानं, संघटनेतले घोळ, लीगचं भिजत घोंगडं, सगळं आहेच. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की ब्राझीलमध्ये याहून घाण शिव्या देतात आणि तरी तिथं ढिगानं फॉरवर्ड निघतात. निघत असतील बाबा. तिथं एक घाबरला तर गल्लीत अजून चाळीस असतील. आपल्याकडं एका शाळेत एक डाव्या पायाचा निघतो आणि तो गुरुवारी दुपारी सरांना जाऊन सांगतो, मला बॅकला घ्या.

सर काय म्हणाले माहितीये? "बरं झालं, मला बॅक कमीच होता." सरांचाही दोष नाही. दिवाळीनंतर स्पर्धा आहे, त्यांना गोल खायचे नाहीत. पण मला सांगा, एकदा तरी विचारावं ना पोराला, का रे बाबा?

आधी ठरवलं होतं की आज त्या फॉरवर्डला अजून धुवायचं. सकाळी अर्धी पोस्ट तशी लिहिलीही होती, ती खोडली. त्याचं नाव घेणार नाही. त्याच्या घरीही कोणी तेरा वर्षांचा असेल आणि मोबाइल बघत असेल.

संध्याकाळी ताईकडं जाऊन आलो. भाजणी दिली. भाचा गच्चीवर कंदील टांगत होता. मी म्हटलं, उद्या सकाळी साडेसहाला मैदानावर ये, गोलमध्ये मी उभा राहतो. म्हणाला, "तुझा गुडघा?" म्हटलं, गुडघ्याचं मी बघतो, तू डाव्या पायानं मार. पन्नास मारायचे, पास एकही द्यायचा नाही, द्यायला तिथं कोणी असणारच नाही. तो म्हणाला, "आणि बाहेर गेले तर आणायचे कुणी?"

म्हणून ही पोस्ट. आमच्याकडं दोनच बॉल आहेत, त्यातल्या एकाची हवा राहत नाही. मैदानाच्या पाठीमागं भिंत आहे आणि भिंतीपलीकडं ओढा. कुणाकडं पाच नंबरचे जुने बॉल पडून असतील तर आज रात्री दुकानावर आणून द्या, दहा वाजेपर्यंत मी आहे. परत मिळतील याची खात्री देत नाही.